संगणकाचा वेग आता कुठून येणार?

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



संगणकाच्या यंत्ररचनेचे भवितव्य या विषयावर मी बोलावे अशी संस्थेची इच्छा आहे. मी कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने बँकेतला कारकून. मी अभियंता नाही. परंतु ज्या यंत्रापुढे रोज सात-आठ तास बसून आपण मीठभाकर मिळवतो, त्या यंत्राच्या पोटात काय चालते हे जाणून घेण्याची मला पहिल्यापासून ओढ आहे. त्या ओढीने जे वाचले आणि समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

विषय निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्यातील पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. मुलाला कोणता संगणक घेऊन द्यावा? आणि मुलीने संगणकातले नेमके काय शिकावे? या दोन्ही प्रश्नांत घरचा पैसा गुंतलेला असतो, पुष्कळदा कर्ज काढलेला पैसा. तेव्हा संगणकाचा वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे समजून घेणे ही आपली गरज आहे.

पन्नास वर्षांची घोडदौड

संगणकाचा मूळ दाणा म्हणजे ट्रान्झिस्टर. विजेचा प्रवाह चालू किंवा बंद करणारे हे एक बटण आहे असे समजा. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली यांनी ते साकार केले आणि १९५६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५८-५९ मध्ये जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांनी स्वतंत्रपणे अशी अनेक बटणे एकाच तुकड्यावर घडवण्याची युक्ती शोधली. त्या तुकड्यालाच आपण चिप म्हणतो.

१९६५ साली गॉर्डन मूर यांनी एका लेखात असे निरीक्षण मांडले की चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ मध्ये त्यांनी हा काळ दोन वर्षांचा केला. यालाच लोक मूरचा नियम म्हणतात. हा निसर्गाचा नियम नव्हे, तो उद्योगाने स्वतःपुढे ठेवलेला पल्ला होता, आणि तो उद्योगाने नेटाने गाठला. १९७१ सालच्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ च्या पेंटियमवर ते ३१ लाख झाले. २०२२ साली आलेल्या एनव्हिडियाच्या एच-१०० या चिपवर ते ८,००० कोटी आहेत.

फुकटचा वेग संपला

आता महत्त्वाचा मुद्दा. ट्रान्झिस्टर वाढले म्हणजे वेगही वाढलाच पाहिजे असे नाही. वेग वाढत होता त्याचे कारण १९७४ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले होते. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याला लागणारा विजेचा दाबही त्याच प्रमाणात कमी केला, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, ते जास्त वेगाने चालतात, आणि तरीही चिप पूर्वीइतकीच तापते. म्हणजे आकार कमी केला की वेग जणू फुकटात मिळत होता.

परंतु विजेचा दाब सुमारे एक व्होल्टपर्यंत आल्यावर तो आणखी उतरवणे कठीण झाले. बटण बंद केले तरी त्यातून वीज पाझरू लागली. नळ घट्ट बंद करूनही थेंब थेंब पाणी गळावे तसे. एका नळाचे थेंब दिसत नाहीत, पण कोट्यवधी नळ गळू लागले तर घर वाहून जाते. चिपच्या बाबतीत हे पाणी म्हणजे उष्णता.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. १९७१ च्या ४००४ या चिपचे घड्याळ सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजार ठोके देत असे. २००४ साली पेंटियम ४ चे ठोके ३८० कोटींवर गेले. म्हणजे तेहेतीस वर्षांत पाच हजार पट वाढ. त्याच वर्षी इंटेलने याहून वेगवान चिपचा पुढचा प्रकल्प रद्द केला. त्यानंतरच्या वीस वर्षांत घरगुती संगणकाच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरची मजल ६२० कोटी ठोक्यांपर्यंत गेली, म्हणजे दुप्पटसुद्धा नाही. दुकानदार जेव्हा ‘इतके गिगाहर्ट्झ’ असे सांगतो, तेव्हा तो अर्धीच गोष्ट सांगत असतो हे यावरून ध्यानात येईल.

काउंटर वाढवले, पण सही एकाचीच

मग अभियंत्यांनी काय केले? एका माणसाला आणखी पळवता येत नाही म्हणून त्यांनी माणसे वाढवली. एकाच चिपवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवले. त्यांना कोअर म्हणतात.

हा मार्ग आपल्या महाराष्ट्राला नवा नव्हता. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला, तो याच तत्त्वावर. एकच प्रचंड प्रोसेसर बनवण्याऐवजी त्यांनी ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि काम वाटून दिले. जे तेव्हा महासंगणकात होते, ते आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

परंतु काम वाटून देण्यालाही मर्यादा असते. ती जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिली. आमच्या बँकेचे उदाहरण घेऊ. समजा एका कामाला ६० मिनिटे लागतात. त्यातली ५४ मिनिटे कारकुनांत वाटता येतात, पण ६ मिनिटांची तपासणी व सही एकाच अधिकाऱ्याने करावी लागते. दहा कारकून लावले तर ५४ मिनिटांचे काम साडेपाच मिनिटांच्या आत होईल, पण सहीची ६ मिनिटे तशीच राहतील. एकूण ११ मिनिटे २४ सेकंद. शंभर कारकून लावले तरी साडेसहा मिनिटे लागतातच. हजार लावा, लाख लावा, ६ मिनिटांच्या खाली काम येणार नाही. म्हणून सोळा कोअरचा संगणक चार कोअरच्या संगणकापेक्षा चौपट वेगवान असेलच असे नाही. काम वाटता येण्याजोगे आहे का आणि आज्ञावली तशी लिहिली आहे का, यावर ते ठरते.

दप्तरखाना दूर आहे

दुसरी अडचण मेमरीची. प्रोसेसरला आकडेमोड करायला फारसा वेळ लागत नाही, आकडे हाती यायला वेळ लागतो. टेबलावरचे लेजर पाहणे, मागच्या कपाटातले काढणे आणि तळघरातल्या दप्तरखान्यातून मागवणे यांत जो फरक, तोच येथे आहे. प्रोसेसरच्या अगदी शेजारची मेमरी चार-पाच ठोक्यांत उत्तर देते. मुख्य मेमरीला सुमारे शंभर नॅनोसेकंद लागले, तर सेकंदाला ३०० कोटी ठोक्यांच्या प्रोसेसरचे तेवढ्यात तीनशे ठोके वाया जातात.

येथे निसर्गाचीही एक सीमा आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातील संगणकतज्ज्ञ विदुषी आपल्या श्रोत्यांना तेवढ्या लांबीची तार हातात देऊन नॅनोसेकंद म्हणजे काय ते समजावीत. ३०० कोटी ठोक्यांच्या प्रोसेसरमध्ये एका ठोक्यात प्रकाशसुद्धा १० सेंटिमीटरच जातो, आणि तारेतला संकेत त्याहून कमी. तेव्हा वेग हवा असेल तर अंतर कमी केले पाहिजे. म्हणून आता मेमरीच्या चिपा एकावर एक रचून प्रोसेसरच्या कुशीत बसवतात, आणि चिपांमधले संदेश विजेऐवजी प्रकाशाने पाठवण्याची साधने बाजारात येऊ लागली आहेत. महाप्रचंड संगणनाच्या कामात पुढील काही वर्षे खरी झुंज या अंतराशी आहे.

वाट पाहण्याचा वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर एक युक्तीही करतो. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून तो काम आधीच करून ठेवतो. अधिकाऱ्याची मंजुरी येण्यापूर्वीच व्हाउचर तयार ठेवण्यासारखे हे आहे. अंदाज चुकला तर ते काम तो टाकून देतो. परंतु जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाचे दोष जाहीर झाले. टाकून दिलेल्या कामाच्या खुणा मागे राहतात आणि त्यांवरून गुप्त माहिती चोरता येते, हे संशोधकांनी सिद्ध केले. ते बुजवताना काही कामांत वेगावर पाणी सोडावे लागले. वेग आणि सुरक्षितता यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

ज्याचे त्याचे यंत्र

तिसरी वाट म्हणजे खास कामासाठी खास यंत्र. बँकेत सर्व कामे जाणणारा माणूस लागतोच, पण नोटा मोजायला यंत्र बरे. चित्रे आणि खेळ दाखवण्यासाठी बनवलेल्या जीपीयू या चिपांत साधी आकडेमोड करणारे हजारो छोटे विभाग असतात. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या अशा दोन चिपा वापरून चित्रे ओळखणारी यंत्रणा शिकवली आणि जागतिक स्पर्धा जिंकली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेला तेथून जोर आला. गूगलने तर २०१५ पासून केवळ याच कामासाठी घडवलेली टीपीयू ही चिप आपल्या केंद्रांत वापरायला घेतली.

जॉन हेनेसी आणि डेव्हिड पॅटरसन यांना संगणकरचनेतील कार्याबद्दल २०१७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जुना मार्ग थांबल्यामुळे रचनाकारांच्या कल्पकतेला आता नवे सुवर्णयुग लाभणार, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कारखान्यातली कसरत

ट्रान्झिस्टर लहान करणे पूर्ण थांबलेले नाही, मात्र ते फार महाग झाले आहे. सर्वांत सूक्ष्म चिपा छापण्याचे यंत्र जगात नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. त्यात वितळलेल्या कथिलाचे सेकंदाला सुमारे पन्नास हजार थेंब सोडून प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा करतात, आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश मिळवतात. हा प्रकाश हवेतसुद्धा शोषला जातो, म्हणून सारे काम निर्वात जागेत आणि भिंगांऐवजी आरशांनी चालते.

‘३ नॅनोमीटर’, ‘२ नॅनोमीटर’ ही नावे आपण जाहिरातीत वाचतो. ती आता पिढीची नावे उरली आहेत. प्रत्यक्षात शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरमधले अंतर त्याहून कितीतरी जास्त असते. गळती रोखण्यासाठी आधी ट्रान्झिस्टर उभ्या पात्यासारखे केले. २०२२ मध्ये सॅमसंगने चारही बाजूंनी नियंत्रण असलेली रचना उत्पादनात आणली आणि इतर बड्या उत्पादकांनीही तीच वाट धरली.

दुसरी युक्ती साधी पण प्रभावी आहे. मोठ्या कागदावर शाईचा एक डाग पडला तर सगळा कागद वाया जातो. त्याच कागदाच्या लहान चिठ्ठ्या केल्या तर एकच चिठ्ठी फेकावी लागते. तसेच एक मोठी चिप करण्याऐवजी लहान लहान तुकडे वेगळे घडवून, निवडून एकत्र जोडतात. त्यांना चिपलेट म्हणतात. एएमडी कंपनीने २०१७ पासून या मार्गाने मोठे यश मिळवले.

विजेचे बिल कोण भरणार?

२०२२ मध्ये अमेरिकेच्या फ्रंटियर या महासंगणकाने सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांचा टप्पा ओलांडला. त्याला सुमारे २१ मेगावॉट वीज लागत होती. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या सुमारे दीड टक्का. २०३० पर्यंत ती दुपटीहून अधिक होईल असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून यापुढे संगणकाचे मोल ‘किती वेगवान’ यापेक्षा ‘एका युनिट विजेत किती काम’ या मापाने होईल. ज्या गावात आजही भारनियमनाची झळ पोहोचते, तेथील माणसाला हे माप कोणी शिकवण्याची गरज नाही.

क्वांटम संगणकाबद्दल एवढेच सांगतो की तो आपल्या टेबलावरच्या संगणकाची जागा घेणार नाही. काही विशिष्ट गणितांतच त्याची सरशी आहे. परंतु त्यांतले एक गणित बँकांच्या जिव्हाळ्याचे आहे. मोठ्या संख्येचे अवयव काढणे अवघड असते, या भरवशावर आज पुष्कळशी गुप्तलिपी उभी आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते सोडवू शकेल हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले. असा संगणक अजून बनलेला नाही, तरीही अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या गुप्तलिपींची प्रमाणे जाहीर केली. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या देशात यूपीआयचे व्यवहार प्रथमच महिन्याला एक हजार कोटींवर गेले. भाजीवालीपासून सर्वांचा पैसा ज्या कुलपावर विसंबून आहे, ते कूलूप वेळेआधी बदललेले बरे.

आपण कोठे आहोत?

मोहाली येथे आपल्या देशाचा चिपचा सरकारी कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला होता. १९८९ मध्ये तेथे मोठी आग लागली आणि देश या क्षेत्रात फार मागे पडला. आता पुन्हा प्रयत्न होत आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातमधील धोलेरा व साणंद आणि आसाममधील जागीरोड येथे प्रकल्प हाती घेतले गेले. मद्रास आयआयटीने शक्ती आणि सी-डॅकने वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर तयार केले. खुला म्हणजे त्यासाठी कोणाला परवाना-शुल्क द्यावे लागत नाही. २०१० मध्ये बर्कली विद्यापीठात हा आज्ञासंच जन्मला. ज्याच्याजवळ भांडवल नाही पण बुद्धी आहे, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. महाविद्यालयातला विद्यार्थीसुद्धा आज स्वतःचा लहानसा प्रोसेसर रचून तपासू शकतो.

मग आपण काय करावे?

प्रथम खरेदीविषयी. अभ्यास, टंकलेखन, इंटरनेट यासाठी सर्वांत नवा प्रोसेसर लागत नाही. त्या पैशात मेमरी पुरेशी घ्या आणि जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या. फिरत्या तबकडीवर माहिती शोधायला कित्येक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा भाग पुरतो. मात्र अनेक नव्या लॅपटॉपांत मेमरी पक्की जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. हे विकत घेण्यापूर्वीच विचारा.

दुसरे, जुन्या संगणकांविषयी. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि अनेक जुन्या यंत्रांवर पुढची आवृत्ती रीतसर चालत नाही. म्हणून अभ्यासिकांना देणगीत मिळालेले संगणक लगेच भंगारात काढू नयेत. एसएसडी बसवून त्यावर लिनक्स घातले, तर ती यंत्रे मुलांच्या अभ्यासाला आणखी काही वर्षे उपयोगी पडतील. सी-डॅकची बॉस लिनक्स ही आवृत्ती भारतीय भाषांसह मोफत मिळते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, शिक्षणाविषयी. सुटे भाग बदलण्याचा अभ्यासक्रम म्हणजे हार्डवेअरचे शिक्षण, हे समीकरण आता पुरे पडत नाही, कारण बदलता येणारे भागच कमी होत आहेत. त्याऐवजी चिपची रचना, तिची तपासणी, तिचे पॅकेजिंग आणि कारखान्यातील यंत्रांची देखभाल यांत पुढे मागणी राहील. त्यात आयटीआय आणि पदविकाधारकांनाही वाव आहे. मोठी फी भरण्यापूर्वी एवढे पाहा, की शिकवणारा तुम्हाला वस्तूचे नाव पाठ करायला लावतो की तिचे कार्य समजावतो. नावे पाच वर्षांत बदलतात. ओहमचा नियम, द्विमान अंकगणित, तर्कशास्त्राची द्वारे आणि अॅमडालचे ते सहा मिनिटांचे गणित बदललेले नाही. आयआयटींच्या प्राध्यापकांची संगणकरचनेवरील व्याख्याने एनपीटीईएलवर मोफत ऐकायला मिळतात. इंग्रजीची भीती वाटत असेल तर चार जणांनी मिळून ऐका, थांबवून थांबवून ऐका, आणि समजलेले मराठीत लिहून काढा.

बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. सी. रंगराजन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला, तेव्हा कर्मचाऱ्यांत मोठी धास्ती होती. यंत्र आले आणि कामाचे स्वरूप पार बदलले. लेजरमध्ये बेरीज करणाऱ्याची गरज संपली, पण बेरीज चुकली आहे हे ओळखणाऱ्याची गरज अजून आहे. तसेच पुढेही होईल.

विद्यार्थी मित्रांनो, चाळीस वर्षे संगणकाचा वेग आपोआप वाढत गेला आणि वापरणाऱ्याला त्यासाठी काही करावे लागले नाही. यापुढचा वेग विचारातून येणार आहे. काम कसे वाटावे, माहिती कोठे ठेवावी, कोणत्या कामाला कोणते यंत्र लावावे, वीज कशी वाचवावी, हे ज्याला सुचेल तो पुढे जाईल. असे सुचण्यासाठी श्रीमंत घरात जन्म घ्यावा लागत नाही, पाया पक्का असावा लागतो. तो पाया भरण्याचे हेच तुमचे वय आहे.

आता विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत, अशी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.